माळ्यावरचे बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा. माझा डावा जोडीदार शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून आमच्या दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

आमची मालकीण बेकरीत पाव भाजायची. सुट्टी मिळाली की घट्ट नाड्या बांधून ती समुद्राकाठच्या कड्यावरची वाट धरायची. ती वाट मोठी खट्याळ! चढून धाप लागली की लगेच खाली ओहोळापर्यंत उतरवते आणि पुन्हा तेवढंच चढवते. असे चढउतार पार करत अर्धा दिवस चाललं की दीपगृह येतं. घरी आल्यावर मालकीण आमचा चिखल पुसायची, तेल लावायची आणि म्हणायची, "शाबास रे माझ्या पठ्ठ्यांनो!" तेव्हा आमची छाती कशी फुगायची!

एकदा ती वाटेत घसरली. गुडघा फुटला, घरी यायला अंधार पडला. तिची लेक दारात रडकुंडीला आली होती. दुसऱ्या दिवशी आई कामावर गेली तेव्हा लेकीने आम्हाला माळ्यावर, जुन्या घोंगड्यांच्या मागे दडवलं.

"माझे बूट पाहिलेस का गं?" आईने संध्याकाळी विचारलं.

"नाही बाई. तूच कुठेतरी ठेवून विसरली असशील."

आईने सगळं घर पालथं घातलं. पुढे कितीतरी वर्षं ती मधूनच आमचा शोध घ्यायची. आधी ती हसून म्हणायची, "मी म्हणजे अगदीच वेंधळी!" मग तिचं हसणं थांबलं. ती गॅस बंद केलाय का हे पुन्हा पुन्हा पाहू लागली. एक दिवस तिने घराची किल्ली लेकीच्या हातात दिली. "तूच ठेव बाई, माझा काही भरवसा नाही." आम्ही वरून सगळं ऐकत होतो. ओरडून सांगावंसं वाटे, पण बुटाला कुठली वाचा?

ती किल्ली लेकीला झोपू देईना. अखेर तिने आम्हाला खाली काढलं. "आई, सापडले गं!" एवढंच ती म्हणाली.

आई लहान मुलीसारखी हरखली. रविवारी मायलेकी निघाल्या. वारा अंगावर धावून येत होता, काटेरी झुडपं नाड्या ओढत होती. आई थांबत थांबत का होईना, पण चढत होती. मला मात्र आतून कसंसंच होत होतं. मित्रांनो, बूट चालून झिजतो हे खरं, पण नुसता पडून राहिला तर आतल्या आत कुजतो. सर्वांत उंच चढावर माझा तळ भुगा होऊन गळून पडला. आई मटकन खाली बसली.

"बघ, ही माझ्या विसरभोळेपणाची शिक्षा," ती म्हणाली. "जागच्या जागी ठेवले असते तर..."

लेक गुडघ्यांवर बसून मला रुमालाने बांधत होती. गाठ अर्धवट सोडून तिने वर पाहिलं.

"आई, तू विसरली नव्हतीस. मी लपवले होते. तू पडशील म्हणून."

आईच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?" मग तो आनंद हळूहळू मावळला. "अगं, इतकी वर्षं मी स्वतःलाच घाबरत होते. आणि तू बघत राहिलीस?"

"चुकले गं आई."

आई उठून परत फिरली. उतारावर लेकीने हात पुढे केला. आईने तो धरला, कारण धरणं भाग होतं. घरी पोचल्यावर तिने फक्त किल्ली मागून घेतली.

मोच्याने आम्हाला नवे तळ लावले आहेत. आता आम्ही दाराशी असतो आणि आई आम्हाला झिजवते. लेक रोज केर काढते, पण आमच्यापाशी आली की तिचा झाडू थांबतो. ती आम्हाला हात लावत नाही, आमच्या भोवतीनेच झाडून घेते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या बुटांना तेलपाणी करा, त्यांना चालवा, माळ्यावर टाकू नका. आणि कुणाच्या भल्यासाठी म्हणून काही लपवलं असेल तर ते आजच परत करा. मोची तळ बदलून देतो. तो त्याहून जास्त काही करू शकत नाही.