क्रीमचा हात

"काय लावलंस म्हणालीस?" ह्यांनी कप खाली ठेवला.

"क्रीम हो. वन्संच्या बोअरला गेलात त्या दिवशी पहाटे तुम्ही घोरत होतात ना, तेव्हा हातांना लावलं. बोटं बघा की, भेगांतून रक्त येतंय."

मला वाटलं, हसतील. हे ताडकन उभे राहिले.

ह्यांनी सतरा वर्षं लष्करी विमानतळाच्या अग्निशमन दलात काढली. आता त्याच विमानतळाभोवतीच्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून तपासणीला पाठवतात. आग विझवायच्या फेसातलं रसायन मातीत मुरलं, तिथून पाण्यात उतरलं, आणि मेलं जाता जात नाही. रेनकोटात, नव्या कपड्यांत, क्रीममध्येही तेच असू शकतं म्हणे. ते बाटलीत उतरू नये म्हणून नमुना घ्यायच्या दिवशी ह्यांचा थाट बघावा! सहादा धुतलेला विटका शर्ट, अंगाला ना पावडर ना अत्तर. शेजारीण विचारते, "भावजी कामाला निघालेत की घरात भांडून?"

आणि मी घोळ घातला तो नेमका वन्संच्या बोअरच्या दिवशी. त्यांची गल्ली विमानतळाच्या भिंतीला लागूनच. गेल्याच आठवड्यात अहवाल आला होता, रसायन मर्यादेच्या चौपट. ज्या गल्लीचं पाणी मर्यादेबाहेर निघेल तिला धरणाच्या पाण्याचा नळ मिळणार होता. खोदाईच्या खुणासुद्धा मारून झाल्या होत्या.

"हातमोजे होते ना तुमचे!" मी म्हटलं.

"ते चढवताना बोटं बाहेरून लागतातच. नमुना बाद."

"अहो, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना आता."

मी अगदी हातापाया पडले. दुसऱ्या नमुन्यात पाणी बरं निघालं तर नळ गेलाच. "सख्ख्या बहिणीचा नळ तोडाल?" असंही म्हणून पाहिलं.

"एक बाटली खोटी निघाली, तर उद्या विमानतळवाले म्हणतील सगळ्याच खोट्या," हे म्हणाले. "मग बाकीच्या अकरा गल्ल्यांनी काय करायचं?"

आणि साहेबांना फोन लावला. "चूक माझी आहे, साहेब. हाताला क्रीम होतं." माझं नाव नाही घेतलं हो! दाराआड उभ्या उभ्या मला रडूच फुटलं.

सुरू व्हायची खोदाई अडली. वन्सं आल्या आणि त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. "भाऊ आहेस का वैरी? तुझ्या त्या एका बाटलीपायी सगळी गल्ली माझ्या नावानं शंख करतेय!" हे मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी तोच विटका शर्ट घालून त्यांच्या अंगणात गेले आणि पुन्हा बाटली भरली. वन्संनी चहासुद्धा विचारला नाही.

मग तीन आठवडे वाट पाहणं. देवा, पाणी घाण निघू दे, असं कधी कुणी मागतं का? मी मागितलं. एकदा जेवताना ह्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय यावं?"

"स्वच्छ यावं," हे म्हणाले. "ताई बावीस वर्षं तेच पाणी पितेय. आणि सरावाला फेस आम्ही तिच्याच भिंतीशी उडवायचो. मी आहे म्हटल्यावर ती भिंतीवरून चहा द्यायची." पानातला भात तसाच राहिला.

पाणी पुन्हा मर्यादेच्या चौपटच निघालं, वर थोडं जास्तच. गल्लीत नुसता जल्लोष! वन्सं धावत आल्या, "माझं चुकलं रे," म्हणाल्या. हे हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

नळ आला त्या दिवशी वन्संनी पहिला पेला भरून ह्यांच्यापुढे धरला. "आधी तू," हे म्हणाले. वन्सं गटागटा प्यायल्या, आणि पेला रिकामा होईपर्यंत हे त्यांच्याकडे नुसते बघत उभे राहिले.

घरी आल्यावर क्रीमची ट्यूब ह्यांनी स्वतःच शोधून आणली. माझ्यासमोर बसून दोन्ही हात पुढे केले. "उद्या नमुना नाही. लाव."

मी एकेका बोटाला हळूहळू लावत होते.

"फेस उडवून आलो की हात कसे लोण्यासारखे मऊ व्हायचे," हे म्हणाले. "ताई म्हणायची, काय रे, कामं करतोस का नाही?"

भेगांत क्रीम झोंबत असणार, पण ह्यांनी हात मागे घेतले नाहीत.