मुठीचे तांदूळ

कोठीचं झाकण उचलून शांतीबाई आत वाकल्या. तांदळावर काल उमटवलेला पंजा जसाच्या तसा होता, मधलं बोट अर्धं. बाकीचं अर्धं राइस मिलच्या पट्ट्यात गेलं, त्याला वीस वर्षं झाली. असा हात बिरसी गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता, त्यामुळे पंजा मोडून पुन्हा उमटवायची सोय चोराला नव्हती.

"कोठीत हात नाही," त्या पुटपुटल्या, "म्हणजे मोजल्यावर मारून राहिली."

तांदूळ त्या स्वतः मोजून द्यायच्या. रांधायची सून, रेणू. एवढ्या मापाला भात डेकचीच्या गळ्याशी यायलाच हवा, आणि वर्षभर तो दोन बोटं खालीच राहत होता. शिवाय ही सून जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची, ताटात घासभर घ्यायची आणि "भूक नाही" म्हणायची. चोरून खात असेल, नाहीतर साठवून माहेरी दरेकशाला पोचवत असेल. जंगलातली माणसं, त्यांना काय कमी पडत नसेल!

मग हात धुऊन शांतीबाई बायबल घेऊन बसल्या. भांडी रोज घासतो तसं मनही रोज घासावं, असं पाळकांनी एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून सकाळचा एक अध्याय त्यांनी कधी चुकवला नाही. मोठ्यानं वाचायच्या, घर ऐकायचं. पण हल्ली डोळे ओळीवर असायचे आणि कान स्वयंपाकघरात. चोरीबिरीचा उल्लेख आला की आवाज आपोआप चढायचा, आणि चष्म्यावरून नजर रेणूकडे जायची. रेणू मान खाली घालून ऐकायची. मान खाली का घालते? हाही एक पुरावाच झाला.

"आई, तुले त सगळेच चोर दिसतेत," नीलेश, त्यांचा मुलगा, ऑटो पुसता पुसता म्हणाला.

"तू चूप बस. आंधळा हायेस बायकोपायी."

त्याच दिवशी रेणूला माहेरचा फोन आला. वडील तापानं फणफणले होते. तिनं पिशवी भरली. शांतीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"दाखव त पिशवी."

"कायले, आई?"

"दाखव मंतो ना!"

शेजारच्या अनुसयाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. रेणूनं पिशवी ओसरीवर उलटी केली. दोन साड्या, कंगवा, तापाच्या गोळ्यांची पट्टी. तांदळाचा एक दाणा निघाला नाही. शांतीबाईंचा चेहरा पडला, पण तो क्षणभरच.

"आधीच धाडले असन," त्या म्हणाल्या.

रेणूनं एकेक वस्तू घडी घालून परत भरली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पडू दिलं नाही. निघताना 'येतो' म्हणायची आपली रीत. ती "जातो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शांतीबाईंनी स्वतः भात टाकला. तेवढंच माप, तीच डेकची. भात गळ्याशी आला. शनिवारीही आला. त्यांनी नीलेशला हाताला धरून चुलीपाशी नेलं.

"पाय हा भात! आता सांग कोण खोटी!"

त्या सकाळचा अध्याय शांतीबाईंनी फार दिवसांनी मन लावून वाचला.

रविवारी चर्चमधली उपासना संपली, आणि मंडळीतलं दान गोळा करणाऱ्या वच्छलाबाई रिकामं फडकं हातात घेऊन पुढे आल्या.

"शांतीबाई, या खेपेस तुमचे तांदूळ नाही आले. रेणू कुठं गेली?"

"कोणते तांदूळ?"

"मुठीचे व बाई. दर रविवारी चर्च झाडायले येते तवा आणून देते. तुमच्या नावानं."

रांधायच्या तांदळातून गरिबासाठी एक मूठ बाजूला काढायची, ही रीत या मंडळीत त्यांनीच घातली होती. मागच्या वर्षी नीलेशचा ऑटो बंद पडला, घरातच ओढाताण झाली, तेव्हा त्यांनीच ती सोडली. सोडली हे वच्छलाबाईंना सांगायची लाज वाटली, म्हणून सांगितलं नव्हतं.

"मले काऊन नाही सांगितलं तिनं?"

"दान गाजावाजा न करता करा लागते, आईनंच वाचून दाखवलं, असं मने. मले वाटलं, तुमीच धाडता."

वाटेत वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. शांतीबाई खालीच बघत चालल्या. आपणच वाचलं होतं ते. एकजण ऐकत होती आणि आपण तिचे हात बघत होतो. मूठ घराच्या वाट्यातून जाऊ नये म्हणून ती स्वतः घासभर खात होती, वर्षभर.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. दरेकशाला लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

"नीलेश, उद्या सकाळच्या गाडीवर मले सोडशील. दरेकशाले जातो मी."

"ती येईन का पण?"

"नाही आली त पाय धरीन. पण जाईन."

मग त्यांनी तांदूळ मोजले. त्यातली एक मूठ, अर्ध्या बोटाच्या हातानं, फडक्यात बांधून खुंटीला टांगली. कोठीतला पंजा हात फिरवून पुसून टाकला. भात डेकचीत दोन बोटं खाली राहिला. नीलेशला पोटभर वाढून त्या शेवटी बसल्या.

त्यानं त्यांच्या ताटाकडे पाहिलं. "एवढासाच कायले घेतला, आई?"

"भूक नाही," शांतीबाई म्हणाल्या.