मामाची भारीतली वायर

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी सगळं ऐकून घे.

मी त्या स्पीकरच्या दुकानात लागलेय ना, तिथे आत एक खोली आहे. भिंतींना राखाडी फोम, एक सोफा, समोर माणसाएवढाले दोन स्पीकर. गिऱ्हाईक सोफ्यावर बसतं. मालक आधी साधी वायर लावून गाणं ऐकवतात, मग ती काढून अंगठ्याएवढी जाड, विणलेल्या कव्हरची वायर लावतात. तिच्या किमतीत स्कूटर येते, खोटं नाही सांगत. आणि माझं काम काय, तर सोफ्यामागे उभं राहून मेसेज बघतेय असं दाखवायचं आणि दुसऱ्या वेळी मोबाइलवरूनच आवाज दोन घरं वर चढवायचा. झालं. गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय खुलला आवाज. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. मग किळस यायला लागली. मी एक तुकडा सोलून बघितला गं, आत तेच तांबं.

तर परवा दुपारी त्या सोफ्यावर कोण येऊन बसावं? आमचा मामा.

मामा पियानोचे सूर जुळवून देतो. शाळा, हॉटेलं, बड्या लोकांची घरं, तीस वर्षं त्याच्या कानांवर सगळं चाललंय. आणि ते कान वर्षभरापासून गेलेत. मामी हाका मारून दमते. डॉक्टरांनी कानाचं मशीन लिहून दिलंय, मामीने त्याचे पैसे बाजूला काढलेत, पण हा घालेल तर शपथ. म्हणे कानात मशीन दिसलं की लोक दारातूनच परत पाठवतील. त्याचं आपलं एकच पालुपद, घरच्या स्पीकरचा आवाज मळका येतो, वायर खराब झालीय.

हे ऐकून मालक असे काही खुलले की शिसारी आली मला. तुमच्यासारखा कान असला तरच ही वायर कळते म्हणे, आणि वर मामाच्या गुडघ्यावर हात. वायर बदलली. माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मी बोट हलवलं नाही.

मामा मान तिरकी करून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, “तेच आहे की.” आणि त्याचा चेहरा इतका पडला, इतका पडला की माझा अंगठा आपोआप सरकला. दोन नाही, चार घरं. मामा ताठ बसला, म्हणाला, हां, आता कसं.

मालक खोका आणायला बाहेर गेले तशी मी मोबाइल त्याच्यासमोर धरला. आवाज खाली केला, वर केला, परत खाली. म्हटलं, मामा, वायरचं काही नाही, हे मी करतेय, पैसे मशीनला ठेव.

त्याने स्क्रीनकडे बघितलं. मग दाराकडे.

“कळलं होतं मला,” तो म्हणाला. “आवाज वाढलाय की सुधारलाय, एवढं अजून कळतं. वायर बांधून दे. आणि मामीला तू सांग वायरच खराब होती. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल.”

मशीनचे पैसे गेले वायरीत. मालकांनी वर माझी पाठ थोपटली, घरचं गिऱ्हाईक आणलंस म्हणून. तो हात गोगलगाय चिकटावी तसा पाठीवर वाटत होता. मालकांची घाण वाटली, मामाचीही वाटली, आणि तो अंगठा कुणाचा, माझाच ना?

संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन वायर लावून दिली. आवाज मीच वाढवून ठेवला. मामी फडक्याने स्पीकर पुसत होती, पुसता पुसता थांबली. मामा मागे पंख्याकडे बघत उभा.

“तू खोटं बोलणार नाहीस माझ्याशी,” मामी म्हणाली. “वायरच होती ना? यांचे कान ठीक आहेत ना?”

तू सांग आता. तू काय उत्तर दिलं असतंस?