नदीच्या कोपरापाशी

"वीज गेली की सगळे माझ्याकडेच बघतात. जसा काही मीच खाली जाऊन बटण दाबून आलोय," शेजारच्या खुर्चीतून खांब पुटपुटला.

अन्न विभागाच्या धान्यबाईने हसू दाबलं. खांब म्हणजे ऊर्जा विभागाचा तज्ज्ञ. उंच, सडसडीत आणि बोलायला उभा राहिला की हलायचं नाव नाही, म्हणून खांब. आज नेमका तो बोलायला उभा राहिला आणि पडद्यावरचं चित्र फटकन विझलं होतं.

"पिकं बुडाली की मलाच जाब विचारतात ना? आज तू भोग," ती हळूच म्हणाली.

"ताई, तुमची पिकं वर्षातून एकदा बुडतात. माझी वीज सकाळपासून डोळे मिचकावतेय."

संचालकबाईंनी टेबलावर पेन आपटलं. वीज, अन्न आणि जमीन हे तीन विभाग त्यांनी हट्टाने एका छताखाली आणले होते. 'एकाच चुलीचे तीन दगड' हे त्यांचं आवडतं वाक्य, अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक छापलेलं. उद्या बाहेरचे पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे तिघांची मिळून एक योजना ठेवायची होती आणि आज तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा होता.

"उद्याच्या प्रदर्शनाचे मोठे नकाशे आलेत ना छापून? तेच काढा. खिडकीला लावा," संचालकबाई म्हणाल्या. "उजेडाला काही वीज लागत नाही."

नकाशे पारदर्शक प्लास्टिकवर छापलेले होते, मागून दिवा लावला की उठून दिसावेत म्हणून. खांबाने आपली गुंडाळी सोडली आणि खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावली. पिवळे डाग म्हणजे सौरऊर्जेच्या जागा. जमीन विभागाचे भूपती आपला तपकिरी नकाशा घेऊन उभे राहिले. पंचवीस वर्षं जमिनीची धोरणं लिहून झाली, तरी स्वतःच्या नावावर कुंडीभर माती नाही, म्हणून सगळे त्यांना भूपती म्हणत आणि तेही कौतुकाने ओ देत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरी खिडकी होती, पण तिच्यापुढे फायलींचं कपाट.

"यावरच लावतो. माझा होईस्तोवर तुझा राहू दे खाली," ते म्हणाले. तपकिरी म्हणजे विसाव्याची जमीन, नांगर नाही, बांधकाम नाही, मातीला दम घेऊ द्यायचा. मग धान्यबाईने आपला हिरवा नकाशा त्यावर टेकवला. कोपऱ्याला कोपरा जुळला. आणि चौघंही एक पाऊल मागे सरली.

आता गंमत अशी, की हे तिन्ही नकाशे गेली दोन वर्षं एकाच अहवालात राहत होते, पण वेगवेगळ्या प्रकरणांत. दुसऱ्याच्या पानावर पाय ठेवायचा नाही, हा त्या इमारतीतला शिष्टाचार. एकमेकांच्या डब्यात हात घालतील, नकाशात नाही.

काचेमागून दुपारचा उजेड आत येत होता. बाकी नकाशाभर रंग शहाण्या भावंडांसारखे आपापल्या जागी बसले होते. फक्त नदी जिथे कोपरासारखी वळते, तिथला भलामोठा पट्टा ना पिवळा होता, ना हिरवा, ना तपकिरी. तिथे तिन्ही मिसळून साचलेल्या डबक्याचा रंग झाला होता.



खांब पुढे झाला. त्याने वरचा नकाशा जरा डावीकडे सरकवला. डबकं तिथेच. उजवीकडे सरकवला. आता नद्याच दोन झाल्या.

"छपाईत घोळ असेल," तो म्हणाला.

"तिघांच्या छपाईत, एकाच जागी?" भूपती म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात. इथे ती जराही सरकली नव्हती. ती जिथल्या तिथे होती आणि एकच होती. पुढच्या दहा वर्षांत लागणारी निम्मी वीज त्या पट्ट्यातून यायची होती. लोकांच्या ताटातली निम्मी डाळ त्याच पट्ट्यातून. आणि दमलेली माती पुन्हा उभी राहायची, तीही तिथेच. तो पट्टा काढला तर योजनेत उरत होतं ते पुठ्ठ्याचं आवरण आणि चुलीचे तीन दगड.

"भूपतीसाहेब, तुम्ही का धरला तो?" खांबाने विचारलं.

"आमच्या नकाशात तिथे काही नव्हतं. तू का धरलास?"

"आमच्याही नव्हतं काही. उपलब्ध म्हणून लिहिलं होतं."

"आमच्याकडेही उपलब्धच," धान्यबाई म्हणाली आणि जीभ चावली.

कारण सकाळीच, दारात चपला घालता घालता, तिने वन्संना फोनवर सांगितलं होतं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा वारल्यावर माहेरी न येता नदीच्या कोपरापाशी एकटीने शेत धरून बसलेली बाई. तोंडाने फटकळ, पण धान्यबाईच्या दोन्ही बाळंतपणांत हिच्या उशाशी रात्ररात्र जागलेली तीच.

"वहिनी, खड्डे खणून झालेत. लिंबाच्या रोपांची गाडी दुपारी येतेय. आमच्याकडे लोक काहीबाही बोलतायत, सरकारचं काही येणार म्हणून. तू त्यातली शहाणी. उतरवून घेऊ ना रोपं? म्हातारपणची सोय आहे गं माझी ती."

"घ्या बिनधास्त. तुमचा पट्टा माझ्या हिरव्यात आहे. तिथे कुणाची टाप नाही."

हिरव्यात! हिरव्यात मोठी यंत्रं चालायची होती, बांध मोडून, सलग. लिंबांना त्यात जागा नव्हती. वन्संनाही नव्हती. हे तिला सकाळी ठाऊक नव्हतं का? हिरवा रंग आपला, म्हणजे त्यातलं माणूसही सुखरूप, असं तिने मनाशी धरलं होतं, इतकंच. धरायला काय जातं?

डाळींवर तासभर बोलू शकणारी धान्यबाई मूग गिळून काचेकडे पाहत राहिली.

संचालकबाई मात्र लवकर सावरल्या. त्यांनी चहा मागवला. विजेवाचून चहा कसला येतो, पण कुणीतरी थर्मासमधला कोमट चहा आणून ठेवला.

"हे बघा, घाबरायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "उद्या नकाशे तीन वेगळ्या भिंतींवर लावू. पिवळा दारापाशी, तपकिरी समोर, हिरवा चहाच्या टेबलामागे. पाहुणे काय मान वळवून वळवून बेरजा करणार आहेत?"

"आणि नंतर?" भूपतींनी विचारलं.

"नंतर समन्वय करू."

"समन्वय म्हणजे कोण सोडणार तो पट्टा?"

"मी नाही हं," खांब एकदम म्हणाला. "माझ्याकडे दुसरी सपाट जागाच नाही. पण सौरपट्ट्यांच्या खांबांची उंची वाढवता येईल. वर वीज, खाली डाळ. काय ताई?"

"आणि माझी विसाव्याची माती कुठे झोपवू? मधल्या मजल्यावर?" भूपती म्हणाले.

सगळे हसले. हसू जरा जास्तच लांबलं, न हसण्याची भीती वाटत असल्यासारखं. खांबाने बिस्किट चहात बुडवलं, ते विरघळून तळाला गेलं, तरी तो रिकामी बोटं कपात धरून बसला होता. खिडकीकडे कुणीच पाहत नव्हतं.

धान्यबाईचा फोन टेबलावर थरथरू लागला.

"घ्या, घ्या. घरचा असेल," संचालकबाई म्हणाल्या. "तोवर आपण भिंती ठरवू."

तिने फोन कानाला लावला. त्या शांततेत वन्संचा खणखणीत आवाज सगळ्यांनाच ऐकू गेला.

"वहिनी, गाडी आलीय गं. रोपं काय गोजिरी आहेत! आपल्या धाकट्याच्या जावळासारखी पालवी. गाडीवाला घाई करतोय. उतरवून घेऊ ना?"

धान्यबाईने फोनवर तळहात धरला.

"अगं ऐकू येतंय का? का त्या साहेबलोकांत बसलीयस?"

"कोण आहे?" संचालकबाईंनी खुणेने विचारलं.

"माझी नणंद."

"कुठे असतात त्या?" त्या सहज, चहाचा घोट घेत म्हणाल्या.

धान्यबाई उठली. खिडकीपाशी गेली आणि तिने बोट टेकवलं, नदीच्या कोपराशी, बरोबर डबक्यात. काच उन्हाने तापली होती. भूपतींनी मान खाली घातली. खांबाने कप बशीत ठेवला, तो नीट बसला नाही आणि कलंडला, पण पुसायला कुणी उठलं नाही. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तिथे माणूस राहतं याचं या खोलीत कुणालाही नवल वाटलेलं नाही.

"वहिनी? काय सांगू गाडीवाल्याला? हो म्हणू?"

"वन्सं," ती म्हणाली आणि फोन कानापासून काढून टेबलाच्या मधोमध धरला, खोलीतल्या सगळ्यांनाही ऐकता यावं म्हणून. "आम्ही तिघांनी तुमचं शेत तीनदा वाटून टाकलंय. आणि तिथे तुमच्यासारखी माणसं राहतात, हे आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं."