सगळ्या कामांची, सगळ्यांची नव्हे

मी एक जुनी पोलादी फ्रेम आहे, मित्रांनो. सायकल नव्हे, नुसती फ्रेम. चाकं येतात आणि जातात, सीट फाटते, घंटी कुणीतरी ढापतं. पण ज्याच्यावर हा सगळा संसार मांडलेला असतो तो सांगाडा म्हणजे मी. सायकल घ्यायला गेलात की तुम्ही आधी रंग बघता, मग घंटी वाजवून बघता. माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझी तक्रार नाही. घराचं जोतं तरी कोण बघतं?

माझा जन्म एका कारागिराच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. घरोघरी जाऊन जखमा बांधणाऱ्या एका परिचारिकेसाठी त्याने मला बनवलं. ती अंगाने अगदी काटकुळी होती. कारागिराने तिच्या पायाची लांबी मोजली, हातांची मोजली, आणि मग सरळ विचारलं, "बाई, वजन किती तुमचं?"

"सायकल बनवताय की माझं लग्न ठरवताय?" ती म्हणाली.

"लग्नात एक वेळ खोटं चालेल, इथे नाही."

तिने खरं सांगितलं. ते ऐकून त्याने जाड नळ्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि बारीक नळ्या घेतल्या. मित्रांनो, या नळ्यांची गंमत अशी की त्या मधे पातळ आणि टोकांना जाड असतात. जिथे जोड येतो आणि जिथे ताण पडतो, तिथे पोलाद भरपूर. जिथे नुसतं अंतर कापायचं, तिथे उगाच ओझं नाही. मागचे दांडे मात्र त्याने दणकट घेतले, कारण औषधांची पेटी मागेच बसायची. मडगार्ड, कॅरियर, पुढची टोपली, सगळ्यांसाठी त्याने स्क्रू बसवायचे छोटे छोटे कान झाळून ठेवले. खडबडीत वाटेवर रुंद टायर लागतील म्हणून तेवढी जागाही सोडली. मग मला हातावर तोलत तो स्वतःशीच म्हणाला, "ही कुठलंही काम करेल. फक्त माणूस बेताचा हवा."

परिचारिकेने मला खूप फिरवलं. चढावर तिला धाप लागायची नाही, कारण मी तिच्या पायांखाली थोडी लवायचे आणि तिचा जोर परत तिलाच द्यायचे. एकदा तिच्या धिप्पाड भावाने मला चालवलं. उतारावर माझी अशी काही थरथर झाली की त्याने उतरून तिला सुनावलं, "हा काय घोडा आहे की पाळणा?" ती म्हणाली, "घोडाच आहे, पण हत्तीने बसायचा नाही." तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. मी सगळ्या कामांची आहे. सगळ्या माणसांची नाही. यात कमीपणा कसला?

पुढे तिचे गुडघे कुरकुरू लागले आणि तिने मला सायकलवाल्या काकांच्या दुकानात ठेवलं. माझी चाकं कुणी नेली, हँडल कुणी नेलं. उरलेली मी भिंतीवरच्या आकड्याला लटकले. येणारे-जाणारे माझ्या नळीला टिचकी मारून हसायचे. "काका, ही फ्रेम आहे की विणकामाची सुई?" शेजारी टांगलेल्या जाडजूड फ्रेमा एकेक करून गेल्या. माझ्या सीटच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं. मी म्हटलं, राहा बाई, कुणाला तरी माझा उपयोग आहे.

मग एके दिवशी एक आई आली. बोटाला पाच वर्षांची ठकू, आणि मागे भारदस्त सासूबाई. काकांशी चाललेल्या बोलण्यातून मला सगळा प्रकार कळला.

सासूबाईंच्या घरात एक नियम होता. कपडे, चपला, पातेली, जे घ्यायचं ते 'वाढत्या अंगाचं' घ्यायचं आणि दणदणीत घ्यायचं. सुनेला ग्रंथालयात नोकरी लागली, तेव्हा सायकलही त्याच नियमाने आली. मोठी, जाड, जड. ठकूची शाळा आणि आईचं ग्रंथालय दोन्ही नदीपलीकडे होतं, आणि त्यांच्या गल्लीत बस येत नव्हती. एके सकाळी पुलाच्या चढावर पुढचा एक टेम्पो मागे येऊ लागला म्हणून आई थांबली. तिचे पाय जमिनीला पोचेनात. नुसते अंगठे टेकले, जड सायकल एका अंगाला कलली ती कललीच. ठकूचं कोपर सोलवटलं, आणि आईचा धीर.

त्या दिवसापासून ठकू मागे बसायला तयार होईना. दोघी चालत निघायच्या आणि आई रोज उशिरा पोचायची. ग्रंथपालांनी तिला शांतपणे सांगून टाकलं होतं, "वेळेवर येणं जमणार नसेल, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

"याहून मजबूत दाखवा हो काही," सासूबाई काकांना म्हणाल्या. "नातीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"आई, ती मजबूतच होती," सून हळूच म्हणाली. "ती पडली नाही, मी पडले. मला ती पेलली नाही."

"मग मोठी म्हणून घेतली ती काय उगाच? पुढे उपयोगी पडेल म्हणूनच ना."

"पुढे म्हणजे? मी आता उंच होणार आहे का?"

काका खोकल्याचं निमित्त करून हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

मित्रांनो, ही आई फार काळजीखोर होती. काळजीखोर माणसं नुसती घाबरतात असं तुम्हाला वाटत असेल, पण ती बघतातही फार नीट. तिने मला खाली उतरवायला सांगितलं. आधी मागचा-पुढचा रंग पाहिला. मग हँडल जिथे बसतं त्या डोक्याच्या नळीमागे कुठे रंगाला सुरकुती आहे का, एखादी रेघ आहे का, ते बोट फिरवून बघितलं. कारण धडकलेली फ्रेम तिथेच आपलं दुखणं लपवते. मी निर्धास्त होते. मी कधी कुणाला धडकलेच नव्हते.

मग तिने नखाने माझ्या नळीवर टकटक केली. मधे आवाज आला टण्ण. टोकाला आला टक. ती थांबली. पुन्हा मधे वाजवलं, पुन्हा टोकाला.

"काका, ही टोकांना जाड आहे का?"

"आहे ना. जोडापाशी जाड, मधे पातळ. हलक्या माणसासाठी खास बनवलेली."

"म्हणजे ठकूच्या फ्रॉकसारखं," ती सासूबाईंकडे वळून म्हणाली. "तुम्ही शिवताना बाहीच्या जोडाला दुहेरी कापड लावता. अख्खा फ्रॉक दुहेरी शिवता का?"

"अख्खा दुहेरी शिवला तर पोरीला हात तरी हलवता येईल का," सासूबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. "पण फ्रॉक फाटला तर फाटला. हिचं काय?"

"म्हणून तर बघून घेते."

काकांनी मातीचं घर अलगद खरवडलं आणि मला तात्पुरती चाकं, हँडल, ब्रेक बसवून दिले. आईने ठकूच्या वजनाएवढं पिठाचं पोतं कॅरियरवर बांधलं आणि दुकानामागच्या अंगणात फेऱ्या सुरू केल्या. निघायची, थांबायची. वळायची, थांबायची. एका बाजूला मुद्दाम कलायची आणि सावरायची. चालवून झालं असं म्हणायची, आणि परत एक फेरी मारायची. प्रत्येक वेळी थांबल्यावर तिचे दोन्ही तळवे सपाट जमिनीला टेकत होते. मी तिच्या मापाची होते. खरं सांगू, मला तर परिचारिकाच परत आल्यासारखं वाटलं.

"ताई, पिठाची पोळी होईल आता," काका म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "मी एकदा बसून बघते. तिने मला पेललं तर ती कुणालाही पेलेल."

मी श्वास रोखला. पण आईने त्यांचा हात धरला. "आई, तुम्हाला पेलायचंच नाहीये तिने. मला आणि ठकूला पेललं की झालं."

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "घे बाई. पण पहिल्या दिवशी मी मागून चालत येणार."

आणि खरंच आल्या. पुलाच्या चढाखाली ठकू अडून बसली. आईने तिला ओढलं नाही. फक्त विचारलं, "पिठाचं पोतं बसलं होतं, पडलं का?" ठकूने विचार केला. पोत्याला जे जमलं ते आपल्याला जमू नये, हे तिला काही पटलं नाही. ती चढून बसली, पण तिने आईचा कुर्ता दोन्ही मुठींत गच्च धरला.

आम्ही चढू लागलो. अर्ध्यावर भाजीची हातगाडी आडवी आली. तीच जागा. आईने ब्रेक दाबला. चाकं जागीच थांबली. मी जराशी डावीकडे कलले. मागे सासूबाईंच्या चपलांचा फटफट आवाज एकदम जवळ आला. पण आईचे पाय टेकले होते, घट्ट, टाचांसकट. तिने मला सरळ केलं. मी झाले. मला जड कधी होताच आलं नाही, म्हणून सरळ होणं मला सोपं जातं.

हातगाडी अजून हलत होती, तोच मागून ठकूचा आवाज आला, "आई, थांबलीस का? चल ना, उशीर होतोय."

मी कलले होते हे तिला कळलंसुद्धा नव्हतं. मित्रांनो, याहून मोठी शाबासकी मला आजवर मिळालेली नाही. आईने वळून पाहिलं, तेव्हा कुर्त्याला एकच मूठ होती. दुसऱ्या हाताने ठकू आजीला टाटा करत होती.

त्या दिवशी ग्रंथालयाचं दार आईने सगळ्यांच्या आधी पोचून स्वतः उघडलं.

आता मी शाळा करते, ग्रंथालय करते, बाजारहाट करते, सुट्टीच्या दिवशी नदीकाठची कच्ची वाटही तुडवते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही मीच निवडली. टोकांना जाड आहे, बघा वाजवून." सून ऐकते आणि ठकूला मागे बसवते. दर रविवारी सासूबाई जुन्या चादरीच्या तुकड्याने मला पुसतात आणि जोडांपाशी तेलाचं बोट फिरवतात.

तेव्हा मित्रांनो, सायकल घ्याल तेव्हा आधी आपले पाय बघा, मग माझ्यासारखीचा रंग. मोठ्या भावाची मोठी सायकल मिळाली तर मिरवू नका. थांबल्यावर तळवे टेकतात का ते पाहा. मला पावसात उभी ठेवू नका. बाहेरून चमकणाऱ्या पोलादालाही आतून गंज चढतो, आणि तो कुणाला दिसत नाही.

परवा ठकू माझ्याशेजारी उभी राहून आपली उंची बघत होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "थोडी वाढ, मग ही तुझीच." म्हणजे अखेर मी त्या घराच्या नियमात बसले. फरक इतकाच, की या वेळी वाढायचं आहे ते ठकूला. मी आहे तेवढीच बरोबर आहे, आणि वाट बघायला मला चांगलं येतं.