पुड्यात घोळ

ठासणीच्या बंदुकीच्या पुड्या बांधायला बसलं की ठिणगीला सगळेच घाबरतात. विडी-काडी लांब ठेवतात, चुलीकडे पाठ करतात. कंटाळ्याला मात्र कोणी घाबरत नाही, आणि घात करतो तो कंटाळाच. हे मला माझ्या वडलांनी शिकवलं आणि मी पुढे पन्नास जणांना ऐकवलं. ऐकवायची सवय मला आहेच. बिरवाडीला एका केमिकल कंपनीत सत्तावीस वर्षं पॅकिंगला होतो. ड्रमवरचं लेबल अर्धं बोट वाकडं लागलं तरी मला दिसायचं, आणि दिसलं की मी बोलायचो.

बंदूक माझी नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या मूळ वाडीत माझा चुलत भाऊ कुशाबा राहतो, त्याची. शेतीच्या राखणीसाठी, रीतसर परवान्याची. भात पिवळं झालं की रात्री डुकरं आणि दिवसा वानरं. कुशाबाचा हात हल्ली थरथरतो, म्हणून दरवर्षी मीच बिरवाडीहून जाऊन त्याच्या पुड्या बांधून देतो. एका बाराला लागेल एवढी दारू एका कागदात, अशा बारा पुड्या. कमी पडली तर बार फुसका जातो. दुप्पट पडली तर ती जुनी नळी फाटते, आणि उडवणाऱ्याचं तोंड नळीपाशीच असतं.

कंटाळ्यावर वडलांनी एक इलाज काढला होता. बारा चिंचोके एका वाटीत घ्यायचे. दारूचं माप कागदावर ओतलं की एक चिंचोका तोंडात टाकायचा. पुडी बांधून दोरा मारला की तो काढून दुसऱ्या वाटीत टाकायचा. तोंडात चिंचोका असला की माणूस बोलत नाही, आणि तोंड रिकामं म्हणजे समोरचा कागद रिकामा. चार पुड्या झाल्या की उठून समोरच्या डोंगराकडे बघून यायचं. इतकी साधी रीत. ती मोडून माणूस चुकणार कसा, असं मी नेहमी म्हणायचो.

परवा मी अशाच पुड्या बांधून शेवटच्या एसटीने बिरवाडीला परत आलो. काल सकाळी माझी बायको आवडी कपडे धुवायला बसली आणि आतूनच म्हणाली, "अवो, खिशात चिंचोका कशाला ठेवलाय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. चिंचोका वाटीत असतो नाहीतर तोंडात. खिशात त्याला जागाच नाही.

पायरीवर बसून आठवायला लागलो. परवा कुशाबाच्या पडवीत बसलो तेव्हा घर कधी नाही इतकं गप्प होतं. एरवी त्याची बायको ठकूबाई कोंबडीशीसुद्धा भांडते. परवा ती कुजबुजत होती. मी पडवीत आलो की आतलं बोलणं थांबायचं. पाच-सहा पुड्या झाल्यावर मला त्या शांततेचाच कंटाळा यायला लागला. तेवढ्यात कुशाबाची मुलगी सोनाली नव्या साडीची घडी पोटाशी धरून आत जाताना दिसली. मी तोंडातला चिंचोका काढला आणि विचारलं, "सोने, आज घर एवढं गप का गो?" ती क्षणभर थबकली आणि म्हणाली, "तुमी दारू भरताय ना तात्या, म्हनून." मला बरं वाटलं. पोरीला शिस्त आहे, असं मनात म्हटलं.

चिंचोका तेव्हाच खिशात गेला असणार. पण तेव्हा पुडी बांधून झाली होती की नव्हती? झाली असेल तर काही बिघडलं नाही, वाटीऐवजी खिशात गेला एवढंच. झाली नसेल तर मी वळून परत समोर बघितलं असेल, तोंड रिकामं, म्हणून कागद रिकामा समजून त्यावरच दुसरं माप ओतलं असेल. मला कागद आठवत होता. कधी त्यावर दारू दिसायची, कधी नाही. जितकं आठवावं तितकं दोन्ही खरं वाटायला लागलं. आणि त्या दिवशी मी पुड्या मोजल्या नव्हत्या. चिंचोक्यांची वाटी रिकामी झाली, दारू संपली, उठलो. बारा असतील तर देवाची कृपा. अकरा असतील तर त्यातली एक पुडी कुशाबाचा जीव घेणार होती.

कुशाबाचा फोन लागत नव्हता. तो वाडीत कधीच लागत नाही. खालच्या वळणावर मुरारीचं दुकान आहे, तिथे रेंज येते. मुरारीला लावला. अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. मी ओरडून म्हणालो, "मुरारी, पळत वर जा. कुशाबाला सांग, पुड्यात घोळ हाय. बार उडवू नको म्हनावं. मी येतोय."

मुरारी पलीकडून म्हणाला,

"पुड्यात? आता येळेवर सांगताय, तात्या?"

"मला आता कळलं. तू जा आधी."

"बरं. तुमी थोरले. सांगतो जाऊन," तो म्हणाला, पण त्याचा आवाज मेल्यासारखा होता. पळायला सांगितलं म्हणून नाराज झाला असेल असं मला वाटलं.

स्कूटर काढली. बिरवाडी मागे टाकली, पोलादपूर आलं, वर चढायला लागलो. प्रत्येक वळणावर गाडी बंद करून ऐकत होतो. एकदा खरंच धडाम झालं आणि मी गाडी चालू करून दामटली. पुढच्या वळणावर रस्त्याच्या कामाचा डंपर दगड ओतत होता. मी त्या ड्रायव्हरला उगाचच शिव्या घातल्या. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.

कुशाबाच्या अंगणात पोचलो आणि काही समजेना. दारात पांढरी जीप उभी. मांडवासारखी ताडपत्री बांधलेली. खुर्च्यांवर सात-आठ अनोळखी माणसं बसलेली, हातात पोह्यांच्या बश्या, आणि खात कोणीच नव्हतं. मधोमध पाटावर कुंकवाचं ताट. मला वाटलं, मला उशीर झाला. माणसं गोळा झालीत ती त्यासाठीच. पण मग पोहे कशाला?

"कुशाबा कुठं हाय?" मी विचारलं.

ठकूबाई पुढे आली. डोळे रडून लाल. "आता त्याच्याकडं काय काम हाय? झालं ना तुमच्या मनासारखं?"

"वहिनी, तो जिता हाय ना?"

"जिता हाय, पन कशाला जिता हाय? पावण्यांम्होरं तोंड दाखवाया लाज वाटली, तर बंदूक घेऊन शेतावर गेला. वानरं हाकलतो म्हनाला."

पुढचं मी ऐकलं नाही. वयाच्या साठाव्या वर्षी मी बांधावरून पळालो. एक चप्पल चिखलात राहिली.

कुशाबा शेताच्या कडेला आंब्याखाली उभा होता. वर फांदीवर दोन वानरं. बंदूक खांद्याला लावलेली, तोंड वर. म्हणजे भरलेली होती.

"कुशाबा, बार उडवू नको."

त्याने मान वळवली. बंदूक तशीच. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेला, जन्मात मला उलटून न बोललेला माझा भाऊ दात खाऊन म्हणाला, "उडवनार."

"अरे ऐक माझं."

"आजवर ऐकलंच. आता नाय ऐकत. मी बार उडवनारच. दिवाळी झाली का लगेच उडवनार. बघू कोन आडवतो."

"दिवाळीनंतर?" मी पुरता गोंधळलो. "अरे, आत्ताचं बोल. बंदुकीचं."

"माज्या पोरीचा बार हाय. तू कोन आडवनारा? दोन सोयरिकी मोडल्यास तू तिच्या. एका पोराची नोकरी कंत्राटी म्हनून, दुसऱ्याच्या घराचा संडास मागल्या अंगाला म्हनून. आता साकरपुड्यात कसला घोळ काढलास ते तरी सांग."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जीप, पोहे, कुंकवाचं ताट. मुरारीचा मेलेला आवाज. मी पाठवलेला निरोप मी मनातल्या मनात परत म्हणून बघितला आणि मला स्वतःलाच तो दुसऱ्या कानाने ऐकू आला. पुड्यात घोळ आहे, बार उडवू नका. भावकीतल्या थोरल्याने साखरपुड्याच्या दिवशी, पाहुणे दारात असताना, हा निरोप भर अंगणात धाडला होता.

हसू यावं असं सगळं होतं, पण त्याचं बोट चापावर होतं आणि हात थरथरत होता.

"कुशाबा," मी जमेल तितक्या हळू म्हणालो, "पोरीचा बार उडव. आज उडव. मी नाय आडवत. मला ह्यातलं कायबी म्हायत नव्हतं. मी दारूच्या पुड्यांचं बोलत होतो. काल एकीत मी दुप्पट दारू घातली असंल. तुज्या बंदुकीत आता हाय तीच असंल. तेवढी बंदूक खाली ठेव."

मग त्याने बंदूक खांद्यावरून उतरवली, घोड्याखालची ठिणगीची टोपी काढली आणि ती आंब्याला टेकवून ठेवली. दोघंही मटकन खाली बसलो. वानरं आमच्याकडे बघत निवांत बसून होती.

त्याच्या पिशवीतल्या पुड्या मी मांडीवर घेतल्या. या वेळी मोजल्या. दहा. मी पुड्या बांधून दिल्यापासून त्याने एकही बार उडवला नव्हता, भरला होता तो हा एकच. म्हणजे सगळ्या मिळून अकरा. एकेक पुडी उघडून बघितली. दहाच्या दहा पुड्यांत एकेकच माप. कुशाबानेच बांधाखालच्या वझऱ्यावरून, झऱ्यावरून, डब्यात पाणी आणलं आणि नळीत ओतलं. भिजलेला काळा लगदा बाहेर आला तो येतच राहिला. तो लगदा बघून कुशाबाने आपल्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सगळं जागेवर आहे की नाही बघितल्यासारखा.

"तू कदी चुकत नायस," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं.

"घर गप होतं," मी म्हणालो. "माजं चित्त उडालं. मला वाटलं दारूसाटी सगळे गप बसलेत."

"तुज्यासाटी बसलो होतो." तो जमिनीकडे बघत बोलला. "तुला कळलं तर मोडशील. पोरगीच म्हनाली, तात्यांना पुडा झाल्यावर सांगा. तू गेल्यावर घर परत बोलायला लागलं."

माझ्याच भावाच्या घरात, माझ्या माणसांनी चार तास श्वास धरून ठेवला होता, आणि मी ती शिस्त समजून खूश झालो होतो. कुशाबावर रागावावं असं वाटलं, पण राग कुठून सुरू करायचा ते सापडेना. मी त्याच्या मागोमाग एका चपलेने अंगणात आलो.

पाहुणे अजून बसले होते. त्यांच्यातले पागोटेवाले आजोबा उठून उभे राहिले. "तुमी थोरले म्हना," ते मला म्हणाले. "आमी तुमच्यासाटीच थांबलो. काय घोळ हाय तो तोंडावर सांगा. आमचं काय चुकलं असंल तर ऐकून जातो."

अंगण गप्प झालं. परवासारखंच. या वेळी मला त्या शांततेचा अर्थ कळत होता. ठकूबाईने पदर तोंडाला लावला. दाराआड सोनाली उभी होती, तीच नवी साडी नेसून, आणि त्यातून आता कोणता दोष बाहेर पडणार म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तुमचं कायबी चुकलं नाय," मी म्हणालो. "चूक माजी हाय. दारूच्या पुड्या बांधताना चुकलो आनि निरोपबी चुकीचा धाडला."

सत्तावीस वर्षं कंपनीत आणि त्याआधी-नंतर घरात, हे वाक्य मी कधी बोललो नव्हतो. तोंडात बसतच नव्हतं. आजोबांनी मान हलवली, पण ते काही खाली बसले नाहीत.

"बरं. पन मग आमच्या मुलाबद्दल तुमचं म्हननं काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खुर्च्यांवरच्या माणसांत तीन तरुण पोरं होती. तिघांतला नवरामुलगा कोणता, हेही मला ओळखता येईना.

"मला काय इचारता," मी म्हणालो. "मला तर त्याचं नावबी कुनी सांगितलं नाय."

मग सोनाली दाराआडून बाहेर आली, सगळ्या पाहुण्यांच्या मधून चालत माझ्यापाशी आली आणि माझ्या चिखलाच्या पायांना वाकून हात लावला.

"यशराज नाव हाय, तात्या," ती म्हणाली. "तो मदला, निळा शर्ट."