कमळाचं टाकं आणि बिनपानांचा चाफा

मित्रांनो, घाबरायचं काम तुम्ही माझ्यावर सोडा. मी वाईच्या मयूरीताईंचा जुना लॅपटॉप आहे आणि भित्रेपणात माझा हात धरणारा कोणी नाही. मी चहाच्या कपाला भितो, उन्हाला भितो, आणि वीज गेली की माझी पाचावर धारण बसते, कारण माझ्या बॅटरीचा आता काही भरवसा नाही.

सुरुवातीला मी असा नव्हतो. चकचकीत होतो, जरासा आढ्यताखोरही होतो. ताईंनी माझ्यात बागा आखायचं सॉफ्टवेअर घातलं होतं. जागेचा फोटो घ्यायचा, त्यावर झाडं आणि पायवाटा मांडायच्या, की पडद्यावर बाग उभी राहते. एक पट्टी सरकवली की तीच बाग दहा वर्षांनी कशी दिसेल तेही मी दाखवतो. लोक तोंडात बोटं घालायचे. मग ताईंनी नवा लॅपटॉप घेतला आणि मी कपाटात जाऊन पडलो. धुळीच्या कामाला तेवढं मला बाहेर काढायच्या, "जुना आहे, पडला तरी चालेल" म्हणून. पडला तरी चालेल! हे ऐकून मला काय वाटत असेल, तुम्हीच सांगा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी असंच आम्ही कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवर गेलो. फौजेतले ऋषिराज सुट्टीवर आले होते. घरामागच्या परड्यात त्यांना आईसाठी बाग करायची होती आणि मधोमध कमळाचं टाकं बांधायचं होतं. गावातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या ड्रोनने त्यांनी माघातच वरून फोटो काढून पाठवला होता. त्यावरूनच ताईंनी वाईत बसून आराखडा केला. आईला मात्र काहीच दाखवलं नव्हतं. तिला एकदम तयार बाग दाखवायची, असा लेकाचा बेत होता.

मला परड्याकडे तोंड करून कट्ट्यावर ठेवलं आणि ताई, ऋषिराज दोघंही जेसीबी आत घ्यायला रस्त्याकडे गेले. तेवढ्यात ऋषिराजच्या आई, चंद्राबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. परड्यात एक काटकुळा चाफा होता, अंगावर एक पान नसलेला. त्याच्या बुडात पाणी ओतत त्या हळूच म्हणाल्या, "घ्या, आवं. ऊन लय चढलंय. आता तुमचं पोरगं बाग करतंय, बघत बसा निवांत."

मी चरकलो. झाडाला 'आवं'? मग माझ्या ध्यानात आलं. हल्ली या भागात माणूस गेलं की काही घरं राख नदीत सोडत नाहीत, खड्ड्यात घालून वर झाड लावतात. चाफ्याखाली चंद्राबाईंचे मालक होते. आणि माझ्या पोटातल्या आराखड्यात नेमकं तिथंच टाकं होतं. चाफ्याने पानं टाकलेली, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत तो कुणाला दिसलाच नव्हता.

चंद्राबाई यंत्राच्या पूजेचं ताट आणायला घरात गेल्या. इकडे ताईंनी टाक्याची जागा आखायला चुन्याची फक्की मारायला घेतली. पांढऱ्या रेघेने चाफ्याला खड्ड्याच्या आत घेतलं, तसा माझ्या आतला पंखा घरघरायला लागला.

"हे खोड कसलं?" ताईंनी विचारलं.

"वाळलंय ते. निघंल बकेटीत," ऋषिराज म्हणाले.

जेसीबीवाला नाथाजी वरून ओरडला, "फौजी, लावू का मशीन?"

"आई नारळ फोडू दे, मग लाव."

मित्रांनो, मला तोंड नाही हो! मी नुसता तापत राहिलो. त्यात वीज गेली. वीज गेली की बॅटरी वाचवायला माझा पडदा आपोआप विझतो, तसा तो विझला. आता आपलं काही खरं नाही, असंच मला वाटलं.

चंद्राबाईंनी यंत्राला हळदीकुंकू वाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "बागंची आखणी ह्यानंच केलीया न्हवं? मग ह्याला नको व्हय?" एरवी कुंकू पाहून मी थरथरलो असतो, बटणांत गेलं तर! पण त्यांचं बोट बटणांवर टेकलं आणि माझा पडदा उजळला.

त्या वाकून बघत राहिल्या. "ह्ये आपलंच परडं व्हय रं?"

"व्हय, आई. ही तुझी तुळस. हे कमळाचं टाकं."

"आन् हे कुठं हायत?"

"हे कोण?"

"तुझं आप्पा."

ऋषिराजच्या हातातला नारळ हातातच राहिला. "आप्पा गेलं तवा मी बर्फात अडकलेलो, तिसऱ्यालाबी पोचलो न्हाई," ते कसंबसं म्हणाले. "मला वाटलं, रानातल्या आंब्याखाली घातली राख."

"रानात एकटं कसं ऱ्हातील ते? म्हणून घराजवळ ठिवलं."

नाथाजीने यंत्राची किल्ली काढून घेतली. ऋषिराज खाली बसले आणि हातांनी चाफ्याभोवतीची फक्की पुसू लागले.

ताईंनी माझ्या पडद्यावर टाकं परड्याच्या कडेला असलेल्या विहिरीकडे सरकवलं. मोकळ्या जागी त्यांनी चाफा मांडला.

"मावशी, दहा वर्षांनी कसा होईल, बघायचाय?"

मी भीतीने अर्धमेला झालो होतो, तरी म्हटलं, एवढं दाखवूनच विझायचं. पट्टी सरकली. चाफा पसरला, पांढऱ्या फुलांनी भरून गेला, त्याची सावली थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

चंद्राबाईंनी चटकन डोक्यावरचा पदर सावरला.

मग मी विझलो.

मित्रांनो, मी अजूनही भितो. पण तुम्हीही थोडं भीत जा. फोटोवर रेघ ओढायच्या आधी तिथल्या मातीवरून एकदा चालून या, आणि तिथं रोज पाणी घालणाऱ्या माणसाला विचारा. माझ्या बटणांत अजून कुंकू अडकलेलं आहे. ताई ते पुसायला लागल्या की मात्र मला खरोखर भीती वाटते.